उधारीची वही

चाळिसाव्याच्या दुपारी
बायका आपापल्या घरी गेल्यावर
आई हलव्याची कढई खरवडत होती.
वर न बघता म्हणाली,
"तू रडलीस, तेसुद्धा मराठीत."

खरं आहे.
माझगावच्या कबरस्तानात माती पडताना
सगळे "बाबा, बाबा" करत होते.
तो एक शब्द दोन्हीकडे चालतो,
पण माझ्या तोंडून निघालं
"अगं आई गं!"
शेजारी आई उभी होती.
तिला वाटलं, मी तिलाच हाक मारली.
"काय?" म्हणाली.

घोडपदेवच्या बेकरीवरच्या दीड खोलीत
पंचावन्न वर्षं एकच कायदा:
उंबऱ्याच्या आत फारसी.
चपला आणि मराठी बाहेर काढायची.
बाबा दोन्ही काढायचे.
मी फक्त चपला.

सियावश हॅम्बुर्गहून फोनच्या काचेत येतो,
भट्टी विकून टाका म्हणतो.
आईला म्हणणं पटत नाही, पण त्याचे उच्चार आवडतात.
मीही तेच म्हणते, विकू या,
आणि माझं क्रियापद चुकतं.
मग भांडण क्रियापदावरच अडकतं,
भट्टी राहते बाजूला, पेटलेली,
रोज पहाटे तीनला, कोणासाठी कोण जाणे.

वही सापडली मैद्याच्या पिंपामागे.
लाल कापडाची, कडांना तुपाचे डाग.
बाबांचं अक्षर उजवीकडून निघालेलं.
मला त्यातलं एक वळण वाचता येत नाही.
आईला दिली.
तिने चष्मा पुसला, वाचू लागली, थांबली.
"ही फारसी नाही.
डोकं फिरलं होतं का त्याचं?"

वाच तरी.

"अदिया... अदया दतो."

उद्या देतो, मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं.
पुन्हा बोट ठेवलं.
ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नाही त्यांच्यात,
त्यामुळे प्रत्येक शब्दाची हाडंच फक्त
आणि मांस आई अंदाजाने चढवत होती.
"समप. सिमप. सोम्प."

संप.
ब्याऐंशी साल. मी दुसरीत होते.
गिरणीचा भोंगा बंद म्हणून
वर्गातली मुलं उशिरा यायची.

"सकाली दोन, संधिकाली चार."
ळ नव्हता बिचाऱ्यांकडे.
"शांताराम पाटकर. अदया दतो.
गंगू दूरी."
आई अडखळली. "दूरी? कुणापासून दूरी?"
धुरी, आई. आडनाव आहे.
समोरच्या चाळीत राहायच्या, शेवटच्या खोलीत.
आणि मला हसू आलं, चाळीस दिवसांनी पहिल्यांदा,
नाकातून, घाणेरडं.
तीही हसली. मग दोघी गप्प.

तिला वाचता येत होतं, कळत नव्हतं.
मला कळत होतं, वाचता येत नव्हतं.
बाबांनी पंचावन्न वर्षं
उंबऱ्याच्या आत एक शब्द न काढता
मराठी या वहीत लपवली होती,
बायकोच्या लिपीत,
म्हणजे लपवली तरी कशी म्हणायची?

ऊन खिडकीतून पिंपावर गेलं.
"येसू वायंगणकर," आई वाचत होती,
"चार पाव. फकत." फुकट, मी म्हटलं.
"बायकोला सानगू नये."

मी काही बोलले नाही.

"ही ओळ सांग."
हिशोबच आहे गं.
"फरंगीस," आई म्हणाली,
"मी पंचावन्न वर्षं या गल्लीत मासे घेतलेत.
बायको मला कळतं.
पुढचं सांग."

सांगितलं. फारसीत.
क्रियापद चुकलं, मलाच ऐकू आलं.
आईने दुरुस्त केलं नाही.
कढईतला हलवा बोटाने काढला,
अर्धा माझ्या तळहातावर ठेवला,
जळका, केशराच्या वासाचा,
आणि पान उलटलं,
तिच्या बाजूने.